वजाबाकीचा कॅमशाफ्ट

माणूस वरिष्ठांशी खोटं बोलतो ते नाइलाजाने, घरात खोटं बोलतो ते शांततेसाठी; पण कॅमशाफ्ट विकणाऱ्याशी खोटं बोलतो ते निव्वळ श्रद्धेने.

ज्यांच्या घरात कॅमशाफ्टचा विषय आजवर निघालेला नाही, अशा सुदैवी वाचकांसाठी थोडा खुलासा. इंजिनाच्या आत एक लोखंडी दांडा फिरत असतो. त्याच्या अंगावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा वर आला की व्हॉल्व्ह उघडतो, पुढे सरकला की मिटतो. म्हणजे इंजिनाने श्वास कधी घ्यायचा, किती घ्यायचा आणि किती वेळ घ्यायचा, हे हा दांडा ठरवतो. उंचवटे बेताचे असतील तर इंजिन सावकाश चालतानाही मुकाट्याने ओझं ओढतं. उंचवटे मोठे असतील तर ते भरधाव पळताना फार खुशीत असतं आणि हळू चालताना गुदमरतं. जुन्या इंजिनात दोन्ही गुण एकाच दांड्यात मिळत नाहीत. (मिळतात, असं सांगणारे भेटतात. ते दांडे विकणारे असतात.)

आमच्या ताईच्या गाडीतला दांडा झिजला. ताई जनावरांची डॉक्टर आहे, आणि गाडी म्हणजे चार सिलिंडरची, चारही चाकांना जोर देणारी, दगडधोंड्यांतून जाणारी जुनी गाडी. एका उंचवट्याचं नाक घासून सपाट झालं होतं, त्यामुळे चारांपैकी एक सिलिंडर फक्त हजेरी लावून जात होता. सपाटीवर हे खपून गेलं असतं. पण डोंगरमाथ्यावरच्या गोठ्याने ताईला महिनाभर कामावर घेऊन पाहायचं ठरवलं होतं. शंभरावर गाई, कायमचं काम, आणि अट एकच: फोन आल्यापासून तासाभरात डॉक्टर गोठ्यात हजर पाहिजे. महिना निभावला तर काम ताईचं, नाहीतर दुसरा डॉक्टर शोधणार. ताईने या कामाची दोन वर्षं वाट पाहिली होती. वर जायला कच्चा, खडा, वळणावळणांचा रस्ता आहे. तो पहिल्या गिअरमध्ये, बैलाच्या चालीने चढावा लागतो.

गाडी बनवणाऱ्या कंपनीने मूळ दांडा बनवणं कधीच थांबवलं होतं. तेव्हा बाहेरचा दांडा निवडणं आलं, आणि निवडणं आलं म्हणजे दाजी आले.

"गाडीचं मी बघतो," दाजी म्हणाले.

"बघा. पण मला एवढंच हवंय," ताई म्हणाली, "पहिल्या गिअरमध्ये, हळू, बंद न पडता वर जायचं."

दाजी हसले. एका वाक्यात सांगता येणारी गरज तांत्रिक असूच शकत नाही, यावर त्यांचा विश्वास आहे.

दाजी बँकेत आहेत. पण तो त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. आत्म्याने ते दुर्गम मार्ग वाहन मंडळाचे सभासद आहेत. मंडळाची बैठक दर रविवारी सकाळी शहरातल्या सर्वांत गुळगुळीत डांबरी मैदानावर भरते. सभासद आपापल्या गाड्या ओळीने लावतात, बॉनेट उघडतात आणि इंजिनाकडे पाहत उभे राहतात. कुणी मध्येच "हं" म्हणतं. ऊन वाढलं की बॉनेट बंद करून सगळे घरी जातात. एका सभासदाने गाडीपुढे दोर ओढायचं यंत्र बसवून घेतलं आहे. त्याच्या दोरावरचं प्लॅस्टिकचं वेष्टन अजून तसंच आहे. ते काढलं तर वॉरंटी जाईल, अशी त्याला भीती वाटते. मी कुतूहलापोटी एकदा मंडळाच्या गाड्यांच्या चाकांवरचा चिखल तपासला होता. त्यातला साठ टक्के चिखल अध्यक्षांच्या बागेतला निघाला, तीस टक्के पाइपलाइनच्या खोदकामातला. उरलेला दहा टक्के चिखल नव्हताच, तो तपकिरी रंग होता.

असं असलं तरी दांड्याच्या बाबतीत मंडळाची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. सगळे सभासद कॅमवाल्या काकांकडूनच दांडा घेतात. काकांचं जुनं वर्कशॉप आहे. दांड्याचे उंचवटे ते स्वतः घासून घडवतात आणि त्यांच्याकडे पाच जातींचे दांडे असतात. पहिला शांत, दुसरा चढाचा, तिसरा चपळ, चौथा शर्यतीचा आणि पाचवा अघोरी. (अघोरी सपाट ट्रॅकवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांसाठी आहे. पाचशे मीटर पळायचं आणि इंजिन उघडून बसायचं, असा त्याचा दिनक्रम असतो.) दांडा घ्यायला आलेल्याला काका एकच प्रश्न विचारायचे: "गाडी कशी चालवता?"

या प्रश्नाचं खरं उत्तर आजवर कुणीही दिलेलं नाही. भाजी आणायला गाडी वापरणारा माणूस म्हणायचा, "डोंगरात असतो." वर्षातून एकदा डोंगरात जाणारा म्हणायचा, "तसा मी जरा वेगातच असतो." प्रत्येकाचं उत्तर खऱ्यापेक्षा बरोबर एक पायरी वर. इतकी सुसंगत मोजमापाची चूक मला प्रयोगशाळेतसुद्धा कधी पाहायला मिळाली नाही. काकांनीही ती ओळखली होती. गिऱ्हाईकाने चपळ मागितला की ते "उत्तम निवड" म्हणत, चढाचा दांडा कापडात गुंडाळून देत आणि खोक्यावर 'चपळ' असा शिक्का मारत. गिऱ्हाईक खूश, काका खूश आणि इंजिनही खूश. खोटेपणाच्या पायावर उभी असलेली इतकी निरोगी व्यवस्था दुसरीकडे सापडणं कठीण.

पुढे एकदा केस कापून घेताना काका न्हाव्याला हे बोलून बसले, आणि पुढच्या खुर्चीत मंडळाचे अध्यक्ष होते. (अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना आपण नीट पाहतो असं वाटत असतं, हे त्यांना व्यवसायामुळे ठाऊक आहे.) मंडळाने तातडीने ठराव केला: काका एक पायरी वजा करतात, सबब यापुढे सभासदांनी दोन पायऱ्या वरचा दांडा मागावा. काकांनी महिनाभरात दोन वजा करायला सुरुवात केली. मंडळाला हे कळलं, आणि मंडळाला कळलं आहे हे काकांनाही कळलं. पण तीन पायऱ्या वर जायचं म्हणजे अघोरीच्याही पलीकडे जावं लागलं असतं, आणि पलीकडे काही नव्हतं. तेव्हा उभयपक्षी दोनवरच थांबायचं, असं न बोलता ठरलं.

दाजींनी रीतसर हिशेब केला. ताईची गरज चढाच्या दांड्याची, म्हणजे दुसऱ्या पायरीची. पण गाडी रविवारी दाजी चालवणार, आणि दाजी स्वतःला सर्वसामान्यांपेक्षा एक पायरी वर समजतात, म्हणून तिसरी. त्यात मंडळाच्या नियमाने दोन मिळवायच्या. आली पाचवी.

"अघोरी मागायचा," दाजी म्हणाले. "मिळेल चपळ. आपल्याला तोच हवाय."

"दाजी, शंका आली तर दोहोंतला लहान दांडा घ्यावा, असं पुस्तकात दिलंय."

"कुठल्या?"

"सगळ्याच."

"पुस्तकं लिहिणाऱ्यांकडे गाडी असते का रे?"

दाजींनी वर्कशॉपला फोन लावला. फोन उचलला तो काकांच्या मुलीने. काकांची कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी त्यांना वर्षभर यंत्रापुढे उभं राहू नका असं बजावलं होतं. मुलगी इंजिनिअर झालेली, हुशार आणि कामाला वाघ. कारभार हातात येताच तिने तीन सुधारणा केल्या होत्या. जमीन पुसून घेतली, खोक्यांवरचे शिक्के आणि आतला माल यांचा मेळ बसवला आणि गिऱ्हाईक जे सांगेल ते खरं मानायचं असं ठरवलं.

"गाडी कशी चालवता?" तिने विचारलं.

"कशी म्हणजे... अघोरी," दाजी म्हणाले.

"नक्की? अघोरी हळू चालताना अजिबात ओढत नाही हां. मी एकदा सांगून ठेवते."

दाजींनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून डोळा मारला. "वडिलांवर गेलीय," ते कुजबुजले. "काय छान सोंग घेते." मग फोनमध्ये म्हणाले, "बाळ, आम्ही वीस वर्षं या लाइनीत आहोत."

"बरं," ती म्हणाली. खोकं आठवड्यात आलं. त्यावर 'अघोरी' असा शिक्का होता आणि आत अघोरी होता.

गॅरेजवाल्याने दांडा बसवला. नव्या दांड्याला सुरुवातीला इंजिन थोडा वेळ चढ्या वेगावर फिरवून रुळवावं लागतं, तेही केलं. मग त्याने पाय काढला आणि गाडी जागच्या जागी चालू ठेवली. इंजिन दोन ठोके चालायचं, एक ठोका विचारात पडायचं, मग कुणीतरी ढकलल्यासारखं पुढचे दोन ठोके द्यायचं. अख्खी गाडी शहारत होती. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारी मंडळाने दहा मिनिटं उभं राहून तो आवाज ऐकला. दोघांनी डोळे मिटले होते.

ताईने मात्र बॉनेटवर हात ठेवला, जसा ती जनावराच्या पोटावर ठेवते.

"हिला धाप लागलीय," ती म्हणाली.

"अगं, हाच तर आवाज!"

"आणि ब्रेक का इतका जड लागतोय?"

ब्रेकला मदत करणारा जोर इंजिन हवा आत ओढतं त्यातून येतो, आणि अघोरी दांड्यावर हळू फिरताना इंजिन हवा नीट ओढत नाही. हे मी समजावून सांगितलं. दाजी म्हणाले की ब्रेक हलका असला की माणसाची पायाची ताकद जाते.

माझ्या मोजणीनुसार या दांड्यावर इंजिन मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या वर उत्तम ओढत होतं. डोंगराच्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये ते हजार-बाराशे फेऱ्यांवर चालतं. मी हा तक्ता मंडळापुढे ठेवला. मंडळाने त्याचा गांभीर्याने विचार केला आणि अडचणीवर उपाय सुचवला: ताईने तो रस्ता चौपट वेगाने चढावा.

महिन्याचा शेवटचा आठवडा होता. तोवर ताईला वरून फोन आला नव्हता, त्यामुळे आता सगळं गोडीगुलाबीने पार पडेल असं आम्हाला वाटू लागलं होतं. भर दुपारी फोन आला. गाय विताना अडली होती, वासराचा एक पाय मागे वळला होता. ताईने बॅग उचलली, मी शेजारी बसलो. सपाटीवर गाडी अशी पळाली की दाजींनी पाहायला हवं होतं. पायथ्याशी आलो तेव्हा घड्याळ आमच्या बाजूने होतं.

दुसऱ्या वळणावर इंजिनाने दोन ठोके दिले आणि तिसऱ्याच्या विचारात पडलं ते पडलंच. गाडी बंद. इंजिन बंद म्हणजे ब्रेक आणखी जड. ताई ब्रेकवर जवळजवळ उभी राहिली, मी उतरून चाकाखाली दगड लावला. पुन्हा चालू केली, पुन्हा दोन हात चढली, पुन्हा बंद. असं चौथ्यांदा झालं तेव्हा दाजींचा फोन आला. ताईने फोन स्पीकरवर टाकला.

"पोचलीस का गं?"

"दुसऱ्या वळणावर आहोत. चढत नाहीये."

"आरपीएम वर ठेव! पाय दाबून सोड तिला!"

"अहो, पुढे वळण आहे. आणि वळणाच्या पुढे काहीच नाहीये."

"आवाज कसा येतोय पण?" दाजींनी विचारलं.

ताईने फोन माझ्या हातात दिला, बॅग खांद्याला लावली आणि चढायला लागली. मी गाडीला आणखी दोन दगड लावून तिच्या मागे धावलो. ताई भराभर चालते, एकही ठोका न चुकवता. पण रस्ता गाडीसाठी लांब होता, तो पायांसाठी आखूड कसा होणार?

आम्ही गोठ्यात पोचलो तेव्हा वासरू उभं राहायचा सराव करत होतं आणि गाय त्याला चाटत होती. व्यवस्थापक दाराशीच भेटला. माणूस सभ्य होता.

"या डॉक्टर. पाणी घ्या आधी," तो म्हणाला. "तुमची वाट बघितली हो. मग पलीकडच्या बाजूच्या डॉक्टरांना फोन केला. ते आत हात धुतायत."

"कशाने आले?" मी विचारलं.

"स्कूटरने."

ताईने गाय तपासली, वासरू तपासलं, आतल्या डॉक्टरांना काम चांगलं केल्याचं सांगितलं. व्यवस्थापक आम्हाला आमच्या गाडीपर्यंत आपल्या ट्रॅक्टरवरून सोडायला आला. वाटेत तो म्हणाला की त्याला फार वाईट वाटतंय, पण गाई वाट बघत नाहीत. ताई म्हणाली, "बरोबर आहे." दोन वर्षांच्या वाट पाहण्यावर तिचं एवढंच भाषण झालं.

त्या महिन्यात मंडळाच्या आणखी पाच सभासदांनी दांडे बसवून घेतले होते. एकाची गाडी पार्किंगच्या उतारावरून वर येईना, एकाची सिग्नलला बंद पडायची आणि एकाच्या बायकोने आवाजामुळे गाडी गल्लीच्या तोंडाशी लावायला लावली. मंडळाच्या इतिहासात प्रथमच प्रत्येक सभासदाला त्याने मागितलेलं तंतोतंत मिळालं होतं. साहजिकच खळबळ माजली. खास सभा बोलावून काकांच्या मुलीकडे खुलासा मागण्यात आला. ती आली. सोबत कंबर धरून काकाही आले.

"मी एकही चुकीचा दांडा दिलेला नाही," ती म्हणाली. "ज्याने जो मागितला, तोच दिला."

"बाळ," अध्यक्ष हळुवारपणे म्हणाले, "तीच तर आमची तक्रार आहे."

"मग तुम्हाला जो हवाय तो मागा ना!"

एक-दोघांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तरुण वय, शिक्षणही जास्त झालेलं, असं काहीसं मागून ऐकू आलं. शेवटी काकांनी मध्यस्थी केली. "अगं, गिऱ्हाईक दांडा नाही घेत," ते मुलीला म्हणाले. "शिक्का घेतं. दांडा आपण आपला बरोबर द्यायचा." तिने वडिलांकडे पाहिलं, मंडळाकडे पाहिलं, आणि दोन पायऱ्या वजा करायचं मान्य केलं. मंडळाने टाळ्या वाजवल्या. व्यवस्था पूर्वपदावर आली.

दुसऱ्या दिवशी ताईने वर्कशॉपला स्वतः फोन केला. गोठ्याचं काम गेलं होतं, पण गाडी दारात गुदमरत होती, आणि ताईला दुखणं अर्धवट सोडता येत नाही.

"गाडी कशी चालवता?" मुलीने विचारलं.

"हळू. पहिल्या गिअरमध्ये, चढावर. मला चढाचाच दांडा द्या."

पलीकडून पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"खरं सांगताय?"

"हो. अगदी खरं."

"सगळे असंच म्हणतात हो," ती खिन्नपणे म्हणाली. "चढाच्यातून दोन वजा केल्या तर शांतच्याही खाली जातो. तो मला उंचवटेच न घासता द्यावा लागेल, कोरा. त्यावर इंजिन चालूच होणार नाही. पण नियम सगळ्यांना सारखा. परवाच भर सभेत ठरलाय."

ताईने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. ताई घरात कुणाशी खोटं बोलत नाही, गाईशीसुद्धा नाही. टोचण्याआधी "दुखणार आहे गं" असं सांगते.

"बरं," ती म्हणाली. "मग शर्यतीचा द्या. मी फार वेगात असते."

"उत्तम निवड," पलीकडून उत्तर आलं, आणि आवाजात सुटकेचा निःश्वास होता.

खोक्यावर 'शर्यतीचा' असा शिक्का होता. दाजी गावी गेले असताना गॅरेजवाल्याने दांडा बदलला आणि ताईने जुना अघोरी भंगारात दिला. आता गाडी तो डोंगर पहिल्या गिअरमध्ये इतक्या निवांतपणे चढते की मागच्या सीटवर झोप लागते. वर ताईचं काही काम नसतं. पण दर रविवारी दाजी मंडळाच्या नव्या सभासदांना माथ्यावर घेऊन जातात, गोठ्याच्या फाटकासमोर गाडी वळवतात आणि खाली आणतात. "अघोरी आहे," ते सांगतात. "सुरुवातीला त्रास दिला. रुळायला वेळ लागतो. बायकांना धीर नसतो." त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. ते इतके खुशीत आहेत की सांगणं माणुसकीला धरून होणार नाही. फाटकापलीकडून पलीकडच्या बाजूचे डॉक्टर कधीकधी स्कूटरवरून हात करतात. ताई बरोबर असली तर तीही हात करते.

दाजींना हसून झालं असेल, तर वाचकांनी एक करावं. हे वाचताना बहुतेकांच्या मनात आलं असेल की आपण त्या जागी असतो, तर पहिल्याच फोनला खरं ते सांगून मोकळे झालो असतो. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल कुणालाही शंका नाही. उत्तम उत्तर आहे. ते आम्ही लिहून घेतलं आहे, दोन पायऱ्या वजा करून.